जिभेखालचा उजेड

तान्ह्या पोराचं सगळं बघून झालेलं असतं. नाक कुणावर गेलंय, पायाची बोटं बापासारखी लांब आहेत का, कानाच्या पाळीचा रंग बघता पोर पुढे सावळं होणार की उजळ, यावरून बारशाच्या आधीच घरात दोन तट पडलेले असतात. टाळू भरून झालेली असते, नाळ पडलेली असते, सटवाई पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून गेलेली असते. बघायचं राहून जातं ते तोंडाच्या आतलं. बाळ रडतं तेव्हा तोंड चांगलं मोठं उघडतं, पण त्या वेळी घरातल्या प्रत्येकाची खटपट ते बंद कसं होईल याचीच असते.

मोठ्या माणसाला ‘आ करा’ म्हटलं की काम होतं. चार वर्षांच्या पोराला चॉकलेटचं आमिष दाखवता येतं. तीन आठवड्यांच्या बाळापुढे यातलं काहीच चालत नाही, म्हणून आमची एक जुनी बैठक ठरलेली आहे. मी आणि बाळाची आई स्टुलांवर समोरासमोर बसतो, गुडघ्याला गुडघा लावून. दुपट्यात हात आवळून गुंडाळलेलं बाळ दोघींच्या मांड्यांवर उताणं. पाय आईकडे, डोकं माझ्याकडे. आजी टॉर्च धरते. ती तो हमखास माझ्या डोळ्यांवर धरते, मग जरा खाली घ्यायला सांगायचं. हनुवटी अंगठ्यानं किंचित ओढली की हिरड्यांमधून जीभ दिसते. ती एक क्षण थांबत नाही. लाकडी पट्टी लावली तर पट्टीला ढकलते. म्हणून पट्टीच्या आधी मी करंगळी देते, स्वच्छ धुतलेली, नख बारीक कापलेली, पेराचा मऊ भाग टाळूकडे. बाळ ती चोखायला लागतं आणि त्या चोखण्यात निम्मं निदान असतं. जीभ लाट उठावी तशी पुढून मागे जाते का, बोटाला कवळते का, एका अंगानं कमी पडते का, मध्येच काही आडवं येतं का. मग तेच बोट सावकाश जिभेखाली फिरवायचं. तिथे काही लागलंच तर ते मऊ की टणक, दाबलं की बसतं आणि सोडलं की भरतं का, जिभेतून निघालंय की जिभेखालच्या तळातून, हे बोटालाच विचारायचं.

त्यानंतर खोलीतला दिवा मालवायचा. गाठीच्या मागून छोटा टॉर्च लावला तर आत पाणी असलेली गाठ सगळी उजळून निघते. भरीव गाठ काळीच राहते. लाखांच्या यंत्रांच्या कितीतरी आधीची ही तपासणी, आणि तिचा निकाल आजीलाही तत्काळ कळतो. “पाणी हा मां आत?” ती विचारते. हो, पाणीच.

बहुतेक वेळा काही नसतं, हे आधी सांगायला हवं. टाळूच्या मधल्या रेषेवर दिसणारे पांढरे टपोरे ठिपके निम्म्याहून अधिक बाळांना असतात. प्रागच्या आलोइस एपस्टाइन यांनी १८८० मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते एपस्टाइनचे मोती. काही आठवड्यांत ते आपसूक जातात. ‘दात आले’ म्हणून घाबरून आणलेली किती बाळं या मोत्यांसकट घरी परत गेली असतील! जिभेवर दह्याचा थर बसावा तसं पांढरं दिसलं तर ती बुरशी, चार थेंबांच्या औषधानं आटोक्यात येणारी. जीभ खाली चिकटलेली असेल तर ती बाब वेगळी. आणि मध चाटवू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगते. आपल्याकडे बाळाच्या जिभेला पहिला स्पर्श होतो तो बहुधा सोन्याच्या अंगठीतल्या मधाचा. त्या मधातल्या जंतूंच्या बीजांनी वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. अंगठी नुसती दाखवा, मध ठेवा बाजूला.

खरी गाठ मात्र दुर्मीळ. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१ होती. तरणी माणसं मुंबईला, घरात म्हातारीकोतारी, पाळणे मोजके. त्यात तान्ह्या बाळाच्या जिभेवरची गाठ वर्षानुवर्षांत एखादी. नजर तयार व्हायला जेवढं दिसावं लागतं तेवढं इथे दिसतच नाही. पुस्तकात मात्र रांगच्या रांग आहे: रक्तवाहिन्यांची, लसिकावाहिन्यांची, लाळेच्या अडलेल्या नळीची, जागा चुकलेल्या थायरॉइडची, आतड्याच्या अस्तराचा तुकडा भलतीकडे रुजल्याची, नुसत्याच वाढलेल्या मांसाची. जवळजवळ सगळ्या निरुपद्रवी जातीच्या. शरीरभर पसरणाऱ्या नाहीत, जिवावर उठणाऱ्या नाहीत. आपल्या आज्यांनी त्यांना एकाच नावात बसवलं असतं, आवाळू.

पण निरुपद्रवी गाठही जिभेवर बसली की उपद्रव करते, कारण त्या वयाला जीभ म्हणजे पोट आणि श्वास दोन्ही. तान्हं बाळ मुख्यतः नाकानं श्वास घेतं आणि त्याचं स्वरयंत्र इतकं वर असतं की चोखणं, गिळणं, श्वास हे तिन्ही एका लयीत चालतात. त्या लयीत मुगाएवढी गाठ आली की ती पहिल्यांदा दिसते ती दुधात. बाळ चार घोट ओढतं, थांबतं, धापा टाकतं, पुन्हा लागतं. दूध ओठाच्या कोपऱ्यातून गळतं. अर्धा तास अंगावर असूनही बाळ उपाशीच. गाठ जिभेच्या मुळाशी असेल तर तोंड उघडून काही दिसत नाही, पण उताणं निजवलं की घशातून आवाज येतो आणि पोटावर धरलं की थांबतो. आई सांगते, “पालथा घातलंय काय बरा वाटता.” त्या वाक्याला मी फार मान देते.

आणि दिसते ती वजनात. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळ थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत जन्माच्या वजनाला परत येतं आणि मग रोज वीस-तीस ग्रॅम चढतं. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ती झोळीचा काटा घेऊन. या फेऱ्यांचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं आणि त्यामुळे बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. ती लढाई जंतुसंसर्गाशी होती, जिभेच्या गाठीशी नव्हे. पण घरात जाऊन बाळ उघडं करून बघायची सवय एकदा लागली की आशाताईला बाकीचंही दिसायला लागतं. माझ्याकडे आलेल्या अशा बाळांपैकी एकाला तरी आशाताईनंच पाठवलं होतं. चिठ्ठीवर गाठीचा उल्लेखही नव्हता. ‘वजन हलत नाही, दूध सांडतं’ एवढंच.

देवबागची एक मुलगी मात्र गाठ दिसली म्हणूनच आली. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माडांखाली घरं. दर पावसाळ्यात समुद्र त्यातला थोडा किनारा नेतो. दीड महिन्याचं चेडू घेऊन आई आणि आजी आल्या. जन्मली तेव्हा जिभेच्या उजव्या कडेला नखाएवढा लाल डाग होता. लासं असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. महिन्याभरात ते फुगलं, आता लालभडक आणि वर आलेलं. आजीनं बसता बसताच निदान सांगितलं: “हिणां गिराणात कायतरी कापल्यान आसतला.” सून खाली बघत राहिली. माझ्या टेबलाशेजारी कालनिर्णय लटकलेलं असतं. मी पानं उलटून दाखवलं, बाळ पोटात होतं त्या महिन्यांत इथून दिसणारं ग्रहण झालेलंच नाही. आजीला ते पटलं असं म्हणता येणार नाही, पण सुनेनं मान वर केली आणि माझं पुढचं काम सोपं झालं. बाळाच्या गाठीआधी आईच्या मनातली ही गाठ सोडवावी लागते. ती कुठल्याच सोनोग्राफीत दिसत नाही.

बोटानं दाबलं तर गाठ बसत होती, सोडलं की भरत होती. डॉप्लर सोनोग्राफीत आत रक्ताचा जोराचा प्रवाह. हिमँजिओमा. रक्तवाहिन्यांच्या पेशींची ही वाढ मुलींमध्ये जास्त, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्यांत जास्त. तिची रीत ठरलेली. पहिले पाच महिने झपाट्यानं वाढते, मग थबकते, मग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरत जाते. १९८२ मध्ये बोस्टनच्या मलिकन आणि ग्लोवाकी यांनी पेशी तपासून सांगितलं की अशा ओसरणाऱ्या गाठी वेगळ्या आणि जन्मभर राहणाऱ्या सदोष वाहिन्यांच्या गाठी वेगळ्या. तोवर सगळ्यांना एकाच पिशवीत टाकलं जाई आणि ज्या गाठी आपणच जाणार होत्या त्यांच्यावरही सुरी चालत असे.

“मगे नुसता बघीत रवाचा?” आजी म्हणाली.

तो प्रश्न चोख होता. पाठीवरची गाठ असती तर हो म्हटलं असतं. जिभेवरची पाच महिने वाढू दिली तर दूध तुटेल, हिरड्यांखाली चिरडून रक्त येईल. इथे औषध लागतं आणि त्या औषधाची गोष्ट मला फार आवडते. प्रोप्रॅनोलॉल हे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयविकारासाठी घडवलं. त्याबद्दल त्यांना पुढे १९८८ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात नाकावर मोठा हिमँजिओमा असलेल्या एका मुलाला स्टेरॉइड चालू होतं. त्यानं हृदयावर ताण आला, म्हणून हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं. दुसऱ्या दिवशी गाठीचा लाल रंग जांभळट झाला आणि ती मऊ पडली. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ते नजरेत आलं. अकरा मुलांचा अनुभव त्यांनी २००८ मध्ये एका छोट्या पत्रातून छापला आणि जगभरच्या बालरोग विभागांतली जुनी पानं उलटली. नजरेत येणं हाच यातला शोध. गोळी तर प्रत्येक औषधांच्या दुकानात चाळीसेक वर्षं पडून होती.

औषध स्वस्त आहे, देणं मात्र जोखमीचं. पहिले डोस इस्पितळात, नाडी, रक्तदाब आणि साखर मोजत. घरी आल्यावर एकच नियम मी त्या आईकडून तीनदा म्हणवून घेतला: पोट भरल्यावरच द्यायचं, आणि बाळ पीत नसेल, उलट्या करत असेल, तर त्या वेळचा डोस चुकवायचा. उपाशीपोटी दिलं तर रक्तातली साखर उतरते. डोस किलोच्या हिशेबात मिलिग्रॅमचा, म्हणजे दर काही दिवसांनी वजन वाढलं की नवा आकडा. तिनं काय केलं, तर ड्रॉपरच्या काचेवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारली. आकडा वाढला की जुनी रेघ पुसायची, नवी मारायची. सासूला अक्षर वाचता येत नाही, रेघ येते. डोस मोजायची याहून भरवशाची सोय मला सुचली नसती.

आणि दर रविवारी फोटो. त्याच खिडकीत, सकाळच्या उजेडात, गाठीशेजारी तोच छोटा चमचा धरून, म्हणजे माप लागतं. आषाढात देवबागहून बाहेर पडणं म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्यालाच विचारावं. पण फोटो येत राहिले. पाचव्या-सहाव्या फोटोत लाल रंग विटायला लागला होता. अंगावर ओढताना जोर पडू नये म्हणून मधले काही दिवस आईनं दूध काढून शिंपीनं पाजलं. घरात चांदीचं बोंडलं होतं, पिढीजात, ते आजीनं हौसेनं काढलं; मी परत कपाटात ठेवायला लावलं. बोंडल्याची चोच आतून घासून निघत नाही. शिंपी उघडी, लख्ख धुता येणारी.

सगळ्याच गाठी इतक्या गुणी नसतात आणि सगळ्यांना एकच न्याय लावता येत नाही. जिभेखाली निळसर पारदर्शक फुगा दिसला तर लाळेची नळी अडलेली असते. सुश्रुतानं जिभेच्या पाच रोगांत ‘उपजिव्हिका’ सांगितली आहे, जिभेला खालून उचलणारी, लाळ गाळणारी सूज. पुष्कळ अभ्यासकांना त्यात हाच फुगा दिसतो. त्यावर त्यानं खरवडून क्षार चोळायला सांगितलं आहे. आज आपण त्याचं तोंड उघडं करून कडा शिवतो किंवा खालची ग्रंथी काढतो. नुसती सुई टोचून पाणी काढलं तर आठ दिवसांत पुन्हा भरतो. असा टोचून, पुन्हा टोचून आणलेला फुगा मी पाहिला आहे. टोचणाऱ्याच्या हाताला घाई होती, दुसरं काही नाही.

कधी दोष गाठीचा नसतोच. काही हजारांत एखादं बाळ दात घेऊन जन्माला येतं. खालच्या हिरडीत पुढे, इवलासा, हलणारा. लगेच घरात कुजबुज, मामाला जड म्हणून. त्या दाताची धार चोखताना जिभेच्या खालच्या बाजूला घासून घासून तिथे जखम होते, जखमेवर मांस वाढतं आणि ते बघून कुणालाही भीती वाटावी. इटलीतल्या रिगा आणि फेदे या दोन डॉक्टरांच्या नावानं ती ओळखली जाते. उपाय गाठीवर करायचाच नाही, दातावर करायचा. धार गुळगुळीत करायची. अगदीच लटपटत असला आणि श्वासात जायची भीती असली तरच काढायचा, कारण बहुतेकदा तो बाळाचा खराच दुधाचा दात असतो, फक्त घाईनं आलेला. पुन्हा नवा येत नाही. मामाला काही होत नाही.

आणि एक गाठ अशी की तिला हात लावायच्या आधी माणसानं दहा वेळा विचार करावा. गर्भाच्या चौथ्या आठवड्यापासून जीभ वेगवेगळ्या उंचवट्यांतून जुळत जाते. जिथे पुढचा आणि मागचा भाग मिळतो तिथे मधोमध एक खळगा जन्मभर राहतो. आपल्या सगळ्यांच्या जिभेवर तो आहे, फार मागे, आरशात न दिसणारा. थायरॉइड ग्रंथी तिथून निघते आणि गळ्यात उतरते. कधी ती उतरतच नाही. मुळाशीच बसून राहते, तांबूस, गोलसर. बघणाऱ्याला वाटतं गाठ आहे, काढून टाकू. पण अशा माणसांपैकी सुमारे ७० टक्क्यांत शरीरातलं सगळं थायरॉइड तेवढंच असतं. ते काढलं की बाळाला आयुष्यभर गोळी, आणि गोळी वेळेवर सुरू झाली नाही तर वाढ आणि बुद्धी दोन्हींवर घाला. म्हणून जिभेच्या मुळाशी मधोमध काही दिसलं की आधी गळ्याची सोनोग्राफी, रक्तातली थायरॉइडची पातळी, लागलं तर टेक्नेशियमचं स्कॅन. पुष्कळदा थायरॉक्सिननंच ती आकसते. तिथे सर्जनचं कसब सुरी न उचलण्यात असतं, आणि त्याबद्दल कुणी पेढे आणून देत नाही.

गेली कित्येक वर्षं हा विषय डोक्यात घोळतोय तो याच कारणानं. या गाठींवरचा निम्मा उपचार म्हणजे थांबणं. कुठे किती थांबायचं आणि कुठे अजिबात थांबायचं नाही, हे ठरवणं. पुस्तकात ते एका ओळीत येतं: निरीक्षणाखाली ठेवा. परळच्या वाडिया इस्पितळापासून दोन स्टेशनांवर राहणाऱ्या आईला ती ओळ परवडते. रात्री बाळ निळं पडलं तर टॅक्सी आहे. देवबागच्या, आचऱ्याच्या, मसुऱ्याच्या आईला ‘थांबून बघू’ म्हणणं म्हणजे तिच्या पदरात रात्र, पाऊस आणि अंतर बांधून देणं. अशा बाळाला भूल द्यायची तर नाकातून दुर्बिणीच्या आधारानं नळी घालू शकणारा भूलतज्ज्ञ लागतो, बालशल्यचिकित्सक लागतो आणि नंतरचे दोन दिवस जीभ सुजून श्वास अडला तर सांभाळणारा अतिदक्षता विभाग लागतो. तिन्ही एका छपराखाली. ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं आहे, पण आमच्या लोकांचे पाय पिढ्यान्पिढ्या वळले ते गोव्याकडे. बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय. त्या संस्थेची मुळं १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहेत. मालवणहून शंभरावर किलोमीटर. कुडाळ, बांदा, पत्रादेवीचा नाका, म्हापसा, मग मांडवीवरचा पूल. २०१८ च्या सुरुवातीला तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे आंदोलनं झाली. गोव्याचं म्हणणं गोव्याच्या जागी बरोबर होतं. पण रोगाला राज्याची हद्द कळत नाही, आणि आमच्या बायकांना तर माहेरही तिकडचंच असतं.

म्हणून मी थांबायला सांगते तेव्हा कागदावर लिहून देते. श्वासाचा आवाज जागेपणी यायला लागला, दोन वेळा लागोपाठ दूध सुटलं, गाठ एकाएकी निळी-काळी झाली किंवा रक्त थांबेना, तर निघायचं. सकाळची वाट बघायची नाही. गाडी कुणाची, नंबर काय, सोबत कोण, तेही त्याच कागदावर. आठवडाभरात कागद दारामागे चिकटवल्याचा फोटो आला नाही तर मी विचारते.

मसुऱ्याच्या एका मुलाला असं कायमचंच थांबायला लागलेलं आहे. त्याची गाठ लसिकावाहिन्यांची. जिभेचा पुढचा भाग जाड आणि त्यावर शिजलेल्या साबुदाण्याचे दाणे चिकटलेले असावेत असे पाणीदार फोड, मधले काही आत रक्त उतरून काळे पडलेले. सर्दी झाली की जीभ दुपटीनं फुगते आणि ओठाबाहेर येते. ही वाढ ओसरत नाही. निरोगी स्नायूंच्या धाग्यांमध्ये ती अशी मिसळलेली असते की सगळी कापायची तर जीभच जाईल, आणि थोडी कापली तर उरलेली पुन्हा भरते. एमआरआयनं ती किती खोल आहे ते बघून त्यात ब्लिओमायसिनसारखं औषध सुईनं सोडतात. आतल्या पोकळ्या चिकटतात, गाठ आकसते. मग काही महिने जाऊ द्यायचे आणि पुन्हा. काही मुलांना सिरोलिमस नावाचं औषधही उपयोगी पडतं. बरं होणं या शब्दापेक्षा आटोक्यात राहणं हा शब्द तिथे खरा. त्याची जीभ आता तोंडात मावते. तो ‘र’ला ‘ल’ म्हणतो, आणि त्याच्या वयाची धडधाकट जिभेची पोरंही तेच म्हणतात, त्यामुळे त्याची मला चिंता नाही. दात घासताना फोड फुटून रक्त येतं, त्याची आहे. म्हणून मऊ ब्रश आणि रोज मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. चूळ भरायला तो समुद्राचं पाणी आणा म्हणतो.

गेल्या महिन्यात त्याच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख ठरवायची होती. सर्दी नसलेले पंधरा दिवस हवेत, शाळा सांभाळायची, बापाला मुंबईहून रजा मिळायला हवी. फेब्रुवारी सोयीचा होता. मी आजीला फोन केला. ती म्हणाली, फेब्रुवारीचं आताच सांगता येणार नाही. आंगणेवाडीची जत्रा त्याच सुमारास पडते आणि तिची तारीख पंचांगात नसते, भराडी देवीचा कौल झाल्यावरच जाहीर होते. मुंबईची माणसंही तोवर गाडीची तिकिटं काढत नाहीत.

“आधी देवीची तारीख ठरांदे, मगे बांबोळीची बघूया,” ती म्हणाली. “सहा म्हयने थांबलो, आणखी पंधरा दिवसांन काय होता? तुमीच सांगा.”

मी सांगितलं, पंधरा दिवसांनी काही होत नाही. मग मार्चचा दुसरा आठवडा मोकळा आहे का, ते विचारायला बांबोळीला फोन लावला.